आधी एक भाकरी स्वतःसाठी थापा

पत्र, थोडक्यात:

"ताई, माझं वय 38. चौदा वर्षं सुरतला, उधन्यात सासर होतं. घरातले पुरुष लूमवर पाळीने जायचे. फेब्रुवारीत मुलीला घेऊन अमळनेरला आले ते परत न जाण्यासाठी. मुलगी सहावीत आहे. दोन खोल्या भाड्याने घेतल्यात, औषधाच्या दुकानात साडेदहा ते साडेसात काम करते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या आणि गेल्या, मी इथंच राहिले. तेव्हाच ठरवलं की आता आयुष्य नव्याने सुरू करायचं. वहीत वेळापत्रक लिहिलं: पाचला उठणं, फिरायला जाणं, योगासनं, रोज वीस इंग्रजी शब्द, टॅलीचा अभ्यास, खर्चाची वही, रात्री नऊनंतर मोबाईल बंद. 21 दिवसांत सवय लागते असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. नवव्या दिवशी मुलीला ताप आला, त्याच रात्री एक वाजता नळाला पाणी आलं, आणि सगळं मोडलं ते मोडलंच. आता मुलगी शाळेत गेली की मी पुन्हा आडवी होते. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी काहीतरी. स्वयंपाक मुलीपुरता. रात्री एकपर्यंत मोबाईल. सासरकडचे मेसेज येतात ते पुन्हा पुन्हा वाचते. आई म्हणते, थोडं सोसलं असतं तर. शेजारणी विचारतात, 'जावई कधी येतीन घ्यायला?' चौदा वर्षं पाचला उठून सात जणांचे डबे भरणारी बाई मी, आता साधं लवकर उठणं जमत नाही. कानबाईच्या सणापासून पुन्हा सगळं नीट सुरू करू का? की माझ्यातच काही कमी आहे?"

— अमळनेरहून एक वाचक

ताई,

तुमच्यात काही कमी नाही. हे धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही, तुमच्याच पत्रात त्याचा पुरावा आहे.

उधन्याच्या घरात पाचला उठायचं की नाही, हे तुम्हाला कधी ठरवावं लागलं का? सातच्या पाळीचे डबे तयार हवेत म्हटलं की पावणेसहाला कणीक भिजलेलीच हवी. कुणाच्या तरी चपलांचा आवाज, मोरीतलं पाणी, चहाचं आधण, सासूबाईंची हाक. एकातून दुसरं काम निघत होतं आणि तुमचे हात आपसूक चालत होते. फेब्रुवारीत गाडीत बसलात तेव्हा त्या माणसांबरोबर हे सगळे इशारेही मागे राहिले. आता पाचला डोळा उघडतो तेव्हा खोलीत तुम्हाला उठवणारं काहीच नसतं. मग उठायचं ते निव्वळ निश्चयाच्या जोरावर, आणि रात्री एकला झोपलेल्या माणसाकडे तेवढा जोर कुठून येणार?

सवयींवर आयुष्यभर काम केलेल्या वेंडी वुड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध केला. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही पाहणं अशा त्यांच्या जुन्या सवयींचं नव्या ठिकाणी काय झालं, हा प्रश्न होता. जिथे आजूबाजूची परिस्थिती आधीसारखी राहिली तिथे सवय टिकली. परिस्थिती बदलली तिथे मोडली. याची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. जागा बदलते तेव्हा नको असलेल्या सवयीही सैल पडतात आणि नव्या लावायला मोकळी जागा मिळते. तुम्ही आत्ता तशा मोकळ्या जागेत उभ्या आहात. फक्त त्या जागेत एकदम सात गोष्टी आणून ठेवल्यात.

तुमचं वेळापत्रक मी दोनदा वाचलं. वाईट वाटलं ते एका गोष्टीचं. त्यात तुमचं जेवण कुठेच नव्हतं.

म्हणून माझा सल्ला तिथूनच सुरू होतो. पहाटेचं उठणं, फिरणं, योगासनं, वीस शब्द, टॅली हे सगळं सध्या बाजूला ठेवा. वही फाडू नका, मिटून ठेवा. आणि एकच गोष्ट धरा: मुलीच्या डब्यासाठी तवा तापलेला असतो तेव्हाच त्यावर एक तुमची भाकरी किंवा पोळी टाकायची, आणि मुलगी घरातून निघायच्या आत, तिच्याबरोबर बसून ती खायची. कळण्याचं पीठ असेल तर फारच चांगलं, ज्वारी आणि उडदाची ती भाकरी दुपारपर्यंत पोटाला धरून ठेवते. सोबत ठेचा, तेल, रात्रीची डाळ, दूध, जे घरात असेल ते. वेगळी भाजी करायची नाही. ताट वाढून, बसून खायचं. ओट्याशी उभ्यानं तुकडे तोंडात टाकणं यात धरायचं नाही.

एवढ्याने काय होणार, असं तुम्हाला वाटेल. चहा आणि दोन टोस्टवर सकाळ काढली की अकराच्या सुमाराला हातपाय गळतात. तो थकवा पोटातला असतो, पण माणूस त्याला आपला आळस समजतो. अर्धपोटी आणि अर्धवट झोपेत कुठलाही निश्चय टिकत नाही, तुमचाही नाही, माझाही नाही. दुसरं कारण जास्त नाजूक आहे. चौदा वर्षं तुम्ही सगळ्यांना वाढून उरलेलं खाल्लं असणार. आपल्याकडे बहुतेक घरांत तीच रीत. नव्या घरात पहिली सवय स्वतःला वाढून घ्यायची लागू द्या. आणि तुमची मुलगी हे रोज बघते आहे. आई माझ्यासाठी करते आणि स्वतः टोस्ट बुडवते, हे बघत ती वाढली तर तीही तेच शिकेल.

आता ही एक सवय टिकेल कशी? तिला खुंटी लागते. घड्याळाची वेळ ही कच्ची खुंटी आहे. भुसावळला रेल्वेच्या घरांत बघा. ज्यांची ड्यूटी कधी पहाटे तर कधी मध्यरात्री, त्यांना 'रोज सकाळी सहाला' असं काही ठरवताच येत नाही, 'ड्यूटीवरून आल्यावर' असंच ठरवावं लागतं. घरात आधीपासून जे काम रोज, न चुकता होतंय, त्यालाच नवं काम जोडायचं. तुमच्या घरात अशी दोन-तीन कामं नक्की आहेत: मुलीचा डबा, तिचं शाळेला निघणं, रात्रीची भांडी. नळाच्या पाण्याला मात्र काही जोडू नका. आपल्याकडे ते रोज येत नाही आणि येतं तेव्हा विचारून येत नाही, हे तुम्ही नवव्या रात्री पाहिलंच आहे.

पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात याच पद्धतीचा पाठपुरावा केला. 'मी व्यायाम करीन' असा नुसता संकल्प करण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं नेमकं ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम जास्त वेळा पार पडतं, हे त्यांच्या आणि नंतरच्या अनेक प्रयोगांत दिसलं. तुमचं वाक्य सरळ आहे: 'मुलीच्या डब्याचं झाकण लावलं की मी माझं ताट घेते.' हे एकदा मोठ्यानं म्हणा, मुलीलाही सांगा.

मुलगी गेल्यावर आडवं होण्याबद्दल. त्याचा इतका राग करू नका. रात्री चार-पाच तास झोपलेली बाई सकाळी आडवी होणारच, त्यात नवल काय? त्या झोपेवर बंदी घालू नका, फक्त तिच्या आधी एक लहानसं काम ठेवा. मुलीला सोडायला दारात येता ना, तेव्हाच लगेच आत वळायचं नाही. दारापुढचा ओटा झाडायचा, किंवा कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन दुधाची पिशवी आणायची. अंगावर सकाळचा उजेड पडू द्यायचा. मग आत येऊन वाटलं तर खुशाल आडवं व्हा. काही दिवस व्हाल. रात्रीची झोप सुधारली की हे आपोआप कमी होईल, म्हणून खरा प्रश्न रात्रीचा आहे.

आणि रात्रीचा प्रश्न मोबाईलचा नाही, त्या मेसेजचा आहे. 'नऊनंतर मोबाईल बंद' हे जमलं नाही यात तुमचा दोष नाही. ज्या घरातून आपण उठून आलो तिथून काय येतंय याची धास्ती असताना कोण फोन बंद करू शकेल? म्हणून बंद करायचा म्हणू नका, त्याची जागा बदला. रात्रीची शेवटची भांडी पालथी घातली की फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि तिथेच ठेवायचा. चार्जर गादीजवळ न्यायचा नाही. गजरासाठी साधं घड्याळ घ्या. हात पोहोचेल तिथे फोन असेल तर मध्यरात्री तो हातात येणारच. उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं तर दहापैकी काही वेळा तरी तुम्ही कूस बदलून झोपाल.

मेसेजसाठी दिवसातली एक वेळ नेमून द्या. दुकानात दुपारचा डबा खाऊन झाला की तेव्हा वाचायचे, उजेडात, आजूबाजूला माणसं असताना. त्यांना गप्प करून ठेवायची सोय फोनमध्ये असते, दुकानातलं कुणीही तरुण पोरगं दाखवून देईल. पुसून मात्र टाकू नका, पुढे कोर्टात लागू शकतात. आणि रात्री उत्तर लिहायचं नाही. रात्री बाराला लिहिलेलं उत्तर सकाळी वाचलं की बहुतेकांना ते पाठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं.

आता कानबाईचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसतील, घराघरात गहू दळले जातील, रोट होतील, गल्ली जागी होईल. अशा दिवशी नव्याने सुरुवात करावीशी वाटणं अगदी खरं आहे. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांनी 2014 मध्ये दाखवलं की नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष, वाढदिवस यांच्या पाठोपाठ लोक व्यायामशाळेत जास्त जातात, डाएटचा शोध जास्त घेतात. मागचं मागे पडलं असं वाटतं आणि उभारी येते. पण ती उभारी सुरुवातीपुरती असते. तुम्ही आखाजीनंतर तिच्यावरच नऊ दिवस चाललात. म्हणून सणाची वाट बघत बसू नका. भाकरी उद्या सकाळी सुरू करा. कानबाई येईपर्यंत तिला काही दिवस झालेले असतील, आणि त्या दिवशी नवं काही ठरवायचं नाही. नुसतं सणाला जा, जागरणाला बसा, गाणी म्हणा. दुसऱ्या दिवशी उशिरा उठलात तर उशिरा भाकरी खा.

त्या 21 दिवसांचंही सांगते, कारण या आकड्याने पुष्कळांना उगाच नापास केलं आहे. त्याचं मूळ 1960 मध्ये एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याला सरावायला माणसांना किमान 21 दिवस लागतात, असं त्याला दिसलं होतं. पुढे सांगणाऱ्यांनी 'किमान' गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्या सवयी घातल्या. प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. 96 जणांनी प्रत्येकी एक नवी सवय निवडली, बारा आठवडे रोज नोंद ठेवली. ती गोष्ट न ठरवता हातून होऊ लागायला किती दिवस लागतात, याचा मधला आकडा 66 निघाला. पण माणसामाणसात फरक केवढा, तर अंदाज 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत पसरला. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त दिवस लागले. आणि तुम्हाला सर्वांत जास्त लागू पडणारी गोष्ट: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणजे मुलीच्या तापाने तुमचं काहीच मोडलं नव्हतं. ताप उतरल्यावर दहाव्या किंवा बाराव्या दिवशी पुन्हा धरलं असतं तर चाललं असतं. पण सात गोष्टी एकदम पडल्या की कुठली आधी उचलावी तेच कळत नाही, म्हणून माणूस सगळंच सोडतो. एक असेल तर ती उचलता येते. ताप, पाहुणे, मयत, लग्न, पाणी, पाळी, यातलं काहीतरी दर महिन्यात येणारच आहे. तेव्हा चुकेल. दुसऱ्या दिवशी तवा तापेलच, तेव्हा पुन्हा टाकायची.

शेजारणींच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही त्यावर एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं सकाळी बाहेर पडायचं तुम्ही टाळता त्याचं अर्धं कारण हाच प्रश्न असावा. फिरायला जाणं पाचलाच का ठरवलं होतं? अंधारात कुणी भेटत नाही म्हणून तर नाही? 'कशी शे व माय?' इथून सुरू होऊन बोलणं जावयापर्यंत पोहोचतं, आणि दर वेळी नवं उत्तर शोधताना जीव थकतो. म्हणून उत्तराचीही सवय लावा. एक वाक्य ठरवा, आरशासमोर म्हणून बघा, आणि सगळ्यांना तेच द्या: 'मी आता इथंच राहते, मावशी. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे?' पहिल्या वाक्यात खोटं काही नाही, तक्रार काही नाही. दुसऱ्यात त्यांच्याबद्दल आस्था आहे. महिनाभर सगळ्यांना शब्दशः तेच उत्तर मिळालं की गल्लीला नवं काही मिळत नाही आणि विचारणं कमी होतं. तुमचा आवाजही तोवर ठाम झालेला असेल. आईसाठी वेगळं वाक्य लागेल, ते तुम्हालाच सापडेल. तिच्याशी वाद जिंकायला जाऊ नका. तिला तुमच्या मुलीच्या शाळेतलं काहीतरी रोज सांगा, तिलाही काळजीऐवजी दुसरं काही बोलायला हवं आहे.

खर्चाची वही चांगली कल्पना होती, पण सध्या तारीख आणि एक बेरीज एवढंच लिहा, तेही फोन चार्जिंगला लावताना. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते. पगाराच्या दिवशी ते एक काम करून टाका, म्हणजे रोज मन मारायला नको.

आता एक गोष्ट ठणकावून सांगते. भाकरी, ओटा, चार्जर यांनी दिवस उभा राहील, पोटगी मिळणार नाही. ते काम वेगळं आहे आणि ते तुम्ही लांबणीवर टाकताय असं पत्रावरून वाटलं. मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला दिलेला आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. अमळनेरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. आधी फोनवर विचारायचं असेल तर 15100 हा क्रमांक आहे. स्वतःसाठी आणि मुलीसाठी पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो, जुन्या कायद्यात हे कलम 125 होतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तो करता येतो, सुरतच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. दुकानाची साप्ताहिक सुट्टी कोर्टाच्या कामाच्या दिवशी नसेल तर अर्धा दिवस रजा मागा. मालकांना कारण सांगायची गरज नाही.

आणि दुसरं. झोप न लागणं, जेवण नकोसं होणं, सकाळी अंथरूण न सुटणं हे दोन आठवड्यांहून जास्त चालू आहे. एवढं सगळं घडल्यावर कुणालाही असं होऊ शकतं, पण हे नैराश्यही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. एकदा बोलून बघा. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत मन गेलं, एकदा जरी, तर माझ्या उत्तराची किंवा कशाचीच वाट न पाहता त्याच क्षणी फोन करा आणि आपल्या कुणाला तरी जवळ बोलावून घ्या.

टॅलीचं मी विसरले नाही. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला हिशेबाचं सॉफ्टवेअर येत असेल तर पगार वाढतो, तुमचा विचार बरोबर आहे. पण क्लासची फी आत्ता भरू नका. सकाळचं खाणं आणि स्वयंपाकघरातला चार्जर ही दोन कामं आठवड्यातले पाच दिवस विचार न करता होऊ लागली की मग बघा. दिवाळीनंतरची बॅच बहुधा योग्य राहील. तोवर दुकानात बिलं बनवताना मालकांच्या किंवा अकाउंटंटच्या शेजारी दहा मिनिटं उभं राहून बघत जा, निम्मं तिथेच कळेल. इंग्रजीचे वीस शब्द मात्र कायमचे सोडा. दिवसभर तुमच्या हातात औषधांची खोकी असतात, त्यांच्यावरचा एक शब्द रोज वाचलात तरी खूप झाला, आणि तो मुलीला रात्री जेवताना सांगितलात तर तीही एखादा सांगेल.

विधी सेवा समितीकडे अर्ज दिलात की मला कळवा. तिथे कुणी नीट बोललं नाही किंवा परत पाठवलं तरी लिहा, पुढे कुठे जायचं ते सांगेन.

तुमची,
ताई